उघड्या छताची जुनी गाडी घ्यावी का? फायदे, तोटे, तपासणी

वळणवाट

नमस्कार मंडळी. घरात दुसरी गाडी म्हणून जुनी कन्व्हर्टिबल घ्यायचं मनात आहे. मुक्काम इंग्लंडात, बजेट साडेचार ते पाच हजार पौंड. गॅरेज नाही, गाडी रस्त्याकडेलाच उभी राहणार. रोज जाऊन-येऊन चाळीसेक मैल, त्यातले निम्मे मोटरवेवर. बसणारी माणसं दोन.

यादीत तीन गाड्या आहेत: माझदा एमएक्स-५ ची दुसरी पिढी (एनबी, १९९८ ते २००५), तिसरी पिढी (एनसी, २००५ ते २०१५) आणि बीएमडब्ल्यू झेड-४ चं पहिलं मॉडेल (ई८५).

ही गाडी बारा महिने वापरता येते का? कापडी छत बरं की घडी होणारं टणक? बघायला गेल्यावर नेमकं काय तपासायचं? भारतातल्या मंडळींनी तिकडच्या ऊन-पावसात काय होतं तेही लिहा, म्हणजे धागा सगळ्यांच्या कामी येईल.

दहाचा_पाना

आधी एमएक्स-५ बद्दल, आणि तिच्या छताच्याही आधी निचऱ्याबद्दल. या गाड्या कापड फाटल्याने सहसा सडत नाहीत, निचरा तुंबल्याने सडतात.

छतावर पडलेलं सगळं पाणी मागच्या काचेखालच्या कडेने खाली येतं. तिथे आतून एक प्लॅस्टिकची पन्हळ असते. ती पाणी गोळा करून दोन्ही कोपऱ्यांत, सीटबेल्टच्या खांबांमागे असलेल्या भोकांत सोडते. तिथून नळी खाली जाते आणि मागच्या चाकाच्या जरा पुढे, गाडीच्या पोटाखाली उघडते. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत पानांचा चुरा, परागकण आणि धूळ यांचा काळा चिखल त्या भोकात बसतो. मग पाणी पन्हळीवरून उलटून सीटमागच्या कार्पेटमध्ये शिरतं आणि पुढे सिलच्या पोकळीत साचतं. दाराखालची ही सिल आतून गंजते. बाहेरचा रंग फुगलेला दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो.

इंग्लंडात याचा थेट संबंध एमओटीशी, म्हणजे गाडीच्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीशी आहे. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसतं त्या जागेपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्रा कमजोर झाला असेल तर गाडी नापास होते. एनबीच्या सिलचं मागचं टोक आणि मागच्या चाकाची कमान नेमकी याच टापूत येतात. पुट्टी भरून किंवा पॅच चिकटवून भागत नाही, गंजलेल्या जागी नवा पत्रा सलग वेल्ड करावा लागतो. दोन्ही बाजूंचा खर्च धरला तर स्वस्तात घेतलेली एनबी चांगल्या एनसीच्या भावात पडते.

निचरा साफ करायची पद्धत: छत अर्धवट उचलून सीटमागच्या कोपऱ्यात हात घाला. वरचा गाळ बोटांनी किंवा जुन्या चमच्याने काढा. मग गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी घ्या, टोक मेणबत्तीवर धरून गोल करा आणि हलक्या हाताने खाली सरकवा. अडलं तर फिरवा, दाबू नका. टोकदार तार आणि काँप्रेसरची हवा दोन्ही टाळा. तारेने नळीच्या तळाचा रबरी व्हॉल्व्ह फाटतो आणि हवेच्या दाबाने नळी सांध्यातून सुटते. सुटली की पाणी थेट सिलमध्ये. शेवटी दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा लिटर पाणी सावकाश ओता. खाली लगेच धार लागली पाहिजे. थेंब-थेंब येत असेल तर काम झालेलं नाही. रस्त्याकडेला गाडी असेल तर हे वर्षातून दोनदा, त्यातलं एकदा पानगळ संपल्यावर.

एनसीत निचऱ्याच्या तोंडाशी जाळी आहे. तीच आधी भरते, पण काढून धुता येते.

टेम्सकाठी

दहाचा_पाना यांना पूर्ण अनुमोदन. झेड-४ घ्यायची असेल तर हाच निचरा आणखी महाग पडतो, का ते लिहितो.

ई८५ मध्ये विजेवर उघडणाऱ्या छताचा हायड्रॉलिक पंप आणि त्याची मोटर मागे डाव्या कोपऱ्यात, छत ठेवायच्या खोबणीच्या तळाशी बसवली आहे. त्या कोपऱ्यातला निचरा तुंबला की पाणी मोटरच्या घरात चढतं आणि मोटर जळते. छत मध्येच थांबणं, बटण दाबल्यावर नुसती टिक ऐकू येणं, किंवा घरघर होऊन काहीच न हलणं ही लक्षणं. नवी मोटर त्याच जागी बसवली आणि निचरा तसाच ठेवला तर तीही जाते. म्हणून जाणकार गॅरेजवाले मोटर डिकीत हलवतात. वायर आणि हायड्रॉलिक नळ्या तिथवर वळवाव्या लागतात, पण काम कायमचं होतं. गाडी बघताना विक्रेत्याला विचारा की मोटर डिकीत हलवली आहे का. हलवली असेल तर ती जमेची बाजू समजा.

छत किमान तीन वेळा लागोपाठ उघडून बंद करा, इंजिन चालू ठेवून. पहिल्या वेळी नीट चालणारं छत मोटर तापल्यावर तिसऱ्या वेळी अडकतं. "बॅटरी जरा उतरलीय म्हणून आज छत दाखवता येत नाही" असं कोणी म्हणालं तर बॅटरी चार्ज झाल्यावर परत जा, तोवर पैसे देऊ नका.

ई८५ च्या काही साध्या मॉडेलांना हाताने उघडायचं छत आहे. मिळालं तर तेच घ्या.

वळणवाट

दोघांचेही आभार. म्हणजे झेड-४ जवळजवळ बाद. मग एनसीत कापडी छत घ्यावं की विजेवर घडी होणारं टणक? रस्त्यावर उभी राहणार म्हणून टणक बरं वाटतंय. मोटरवेवर आवाजाचा त्रास कितपत होतो?

खाडीपलीकडे

एनसीचं टणक छत २००६ पासून आलं. साधारण १२ सेकंदांत घडी होतं आणि, बाकी टणक छतांसारखं न होता, डिकीतली जागा खात नाही. दोन्हींत डिकी १५० लिटरचीच. वजन साधारण ३७ किलोने वाढतं आणि तेही उंचावर. वळणावर फार बारकाईने पाहिलं तर जाणवतं, रोजच्या जाण्या-येण्यात नाही.

रस्त्यावर उभी करायची आणि रोज मोटरवे, या दोन गोष्टी धरल्या तर टणक छत घ्या. कापडी छत बंद असतानाही ७० मैलांच्या वेगाला शेजारच्या ट्रकच्या टायरचा आवाज थेट कानात येतो. फोनवर बोलणं कठीण होतं. टणक छताने तो बराच उतरतो, तरी बंद हॅचबॅकइतका नाही.

टणक छताची दुखणी वेगळी. छताचे वेगवेगळे तुकडे, त्यांच्यामधले रबर, आणि प्रत्येक तुकडा जागेवर बसला की नाही ते सांगणारे छोटे स्विच. एक स्विच बिघडला की सगळं छत थांबतं, आणि बिघाड कुठे आहे ते शोधायलाच मजुरी जाते. सुकलेल्या रबरांमुळे काचेच्या वरच्या कोपऱ्यात थेंब येतो. रबरांना वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीस लावायचं, अगदी पातळ, बोटाने. व्हॅसलीन किंवा साधं ग्रीस नको, खनिज तेलाने रबर फुगतं.

आणि छत उघडून मोटरवेने रोज जाणार असाल तर कानांत बोळे घाला. बाजूच्या काचा वर आणि सीटमागे वाऱ्याची जाळी लावली तर मानेवर उलटा येणारा झोत खूप कमी होतो. थंडीत हीटर पायाकडे सोडायचा. असं केलं की ५-६ अंशांतही छत उघडून जाता येतं, आणि खरं सांगायचं तर हिवाळ्यातल्या कोरड्या, स्वच्छ सकाळी ही गाडी उन्हाळ्यातल्या दुपारपेक्षा जास्त सुख देते. दुपारी बारानंतर सिग्नलला उभं राहिलं की डोकं तापतं. टोपी आणि सनस्क्रीन गाडीतच असू द्या.

घाटमाथा

भारतातल्यांसाठी वेगळं गणित मांडतो. माझदा इथे गाड्या विकत नाही, त्यामुळे एमएक्स-५ विसरा. मिनी कूपर कन्व्हर्टिबल किंवा झेड-४ हा महागडा रस्ता. बहुतेकांसाठी खरा पर्याय म्हणजे कापडी छताची महिंद्रा थार, तीही ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या पिढीची. तिला मूळचाच रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पोलादी सांगाडा) आहे, मजल्याला पाणी काढायचे प्लग आहेत.

अडचणी अशा. एक, उष्णता. कापडाला अस्तर नसल्यात जमा, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये नागपूर किंवा सोलापूरला दुपारी एसीचा दम निघतो. दोन, धूळ. मागच्या आणि बाजूच्या खिडक्या मऊ प्लॅस्टिकच्या आहेत. कोरड्या फडक्याने पुसल्या की प्रत्येक पुसण्याला बारीक ओरखडे पडतात आणि दोन वर्षांत समोरच्या दिव्यांचा प्रकाश फाकून दिसायला लागतो. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यायची, मग ओल्या मायक्रोफायबरने एकाच दिशेने पुसायचं. खिडकी गुंडाळून ठेवताना मध्ये मऊ सुती कापड घालायचं.

तीन, पावसाळा. जून ते सप्टेंबर कोकणात आणि घाटात छत ओलंच राहतं. ओलं छत घडी करून ठेवलं की आठवड्यात काळ्या ठिपक्यांची बुरशी येते आणि ती कापडातून पूर्णपणे कधीच जात नाही. भिजलेलं छत ताणून बंद ठेवूनच वाळवायचं, हा नियम इंग्लंडातही तोच. पाऊस सुरू व्हायच्या आधी, मेमध्ये, शिलाईच्या रेषांवर आतून सीम सीलर (शिवणीची भोकं बुजवणारा द्रव) फिरवून घ्या. कापडातून पाणी क्वचित येतं, दोऱ्याच्या भोकांतून येतं.

चार, माकडं. महाबळेश्वर, माथेरानच्या वेशीवरचा वाहनतळ, लोणावळा. आत खाण्याचा वास आला की माकडं प्लॅस्टिकची खिडकी फाडतात. चिप्सचं रिकामं पाकीटही ठेवू नका.

रिव्हेट

घाटमाथा, उत्तम माहिती. एका गोष्टीची भर घालतो. टणक छताची थार घेऊन नंतर बाहेरून कापडी छत बसवायचा सल्ला बरेच गॅरेजवाले देतात. तो मानू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणीपत्रातले तपशील वेगळे पडतील असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलंय. दंड बाजूला ठेवा. अपघात झाला आणि सर्व्हेयरच्या अहवालात छत बदललेलं आलं तर विम्याचा दावा अडतो, ही खरी भीती. नोंदणीपत्रावरचा मॉडेल-प्रकार आणि समोरची गाडी जुळते का, हे जुनी थार घेताना आधी पाहा.

आणि उघड्या गाडीत उभं राहून फोटो काढणं, केजवर बसणं, मुलांना मागे मोकळं सोडणं हे कृपा करून करू नका. केज वाचवतो तो पट्टा बांधलेल्या माणसाला. न बांधलेला माणूस आधी बाहेर फेकला जातो.

विकत घेण्याआधी सवय होते का ते बघायचं तर गोव्यात दोन-तीन दिवस उघडी गाडी भाड्याने घ्या. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच घ्या, पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने घेणं बेकायदा आहे. भर दुपारी पणजी ते मडगाव चालवून पाहा, म्हणजे संध्याकाळच्या समुद्रकिनाऱ्याने भुरळ पडून निर्णय होणार नाही. गोव्याचं नाव निघालंच आहे तर सॅन स्टॉर्मही आठवते. फायबरग्लासची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, दोन सीट, उघडं छत, आणि बनायची गोव्यात. त्या काळात हे धाडस होतं, त्याचं कौतुक व्हायला हवं तितकं झालं नाही.

वळणवाट

सुरक्षेचा मुद्दा निघालाच आहे म्हणून विचारतो. एमएक्स-५ उलटली तर काय? आणि छत नसल्याने गाडी खिळखिळी होते का?

दहाचा_पाना

दोन वेगळे प्रश्न आहेत.

बंद गाडीत छत हा सांगाड्याचा भाग असतो. ते काढलं की गाडी पिळवटते, म्हणून कंपन्या सिल जाड करतात, खाली आडवे पट्टे जोडतात आणि वजन वाढतं. कूपे किंवा हॅचबॅकपासून बनवलेल्या कन्व्हर्टिबलमध्ये हे जास्त जाणवतं: खड्ड्यातून जाताना डॅशबोर्ड आणि आरसा थरथरतो. एमएक्स-५ मुळातच उघडी म्हणून आखलेली असल्याने हा त्रास कमी. पण याच कारणाने सिलचा गंज हा दिसण्यापुरता प्रश्न राहत नाही, गाडीचा कणाच सिलमध्ये आहे. जॅकवर गाडी उचलल्यावर दार नीट उघडतं-लागतं का ते पाहा. दार कडेला घासत असेल तर गाडी सोडून द्या.

उलटण्याबद्दल: समोरच्या काचेची चौकट हाच पुढचा आधार. एनसीला सीटमागे कमानी आहेत. एनबीवर बऱ्याचदा बाजारातल्या चकचकीत स्टीलच्या कमानी दिसतात. त्यातल्या पुष्कळशा नुसत्या शोभेच्या असतात, दोन-चार छोट्या बोल्टांवर उभ्या. खरा रोल बार सांगाड्याला मोठ्या प्लेटांनी बोल्ट केलेला असतो आणि त्याला मागे तिरके आधार असतात. तपासायची रीत सोपी आहे. सीटवर बसून बारच्या माथ्यापासून काचेच्या चौकटीच्या माथ्यापर्यंत एक काठी आडवी धरा. डोकं काठीच्या खाली, दोन इंच जागा सोडून राहिलं पाहिजे. सहा फुटांवरच्या माणसाला एमएक्स-५ मध्ये हे बहुधा जमत नाही. रोजच्या रस्त्यावर बार असेल तर त्यावर घट्ट फोमचं आवरण हवंच, नाहीतर साध्या धडकेत डोकं त्याच्यावर आपटतं.

टेम्सकाठी

बघायला जाताना काय करायचं, हा मूळ प्रश्न राहून गेला.

शक्यतो नोव्हेंबर ते जानेवारीत घ्या. एप्रिलमध्ये ऊन पडलं की हीच गाडी महाग होते. पावसाच्या दिवशी बघायला जा. पाऊस नसेल तर विक्रेत्याची परवानगी घेऊन बागेच्या नळीने, कमी दाबाने, दहा मिनिटं पाणी मारा. सुरुवात मागच्या काचेखालून करा आणि हळूहळू वर या. एकदम वरून मारलं तर गळती नेमकी कुठून आहे ते कळत नाही. मग सीट पुढे सरकवून सीटमागचं कार्पेट उचला आणि खालचा फोम हाताने दाबा. वरून कोरडं आणि फोम ओला, असं खूपदा असतं. काचा बंद करून पाच मिनिटांनी आत बसा. कुबट वास आला तर आरशाला टांगलेल्या झाडाच्या आकाराच्या अत्तराच्या कार्डाने फसू नका.

खिशात छोटं लोहचुंबक ठेवा, मऊ कापडात गुंडाळून. सिलच्या मागच्या टोकाला आणि चाकाच्या कमानीला लावून बघा. चिकटलं नाही तर रंगाखाली पुट्टी आहे. एनबीच्या पुढच्या चासिस रेलही (सांगाड्याचे खालचे लांब दांडे) खालून टॉर्च मारून बघायच्या, त्याही आतून गंजतात.

एनबीची बॅटरी डिकीत असते आणि तिला वायू बाहेर सोडणाऱ्या नळ्या लागतात. कोणी साधी बॅटरी बसवली असेल तर आम्लाच्या वाफेने डिकीचा पत्रा खाल्लेला असतो. एनबीच्या इंजिनाचा टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलायचा असतो, पावती बघा. एनसीला बेल्टऐवजी साखळी आहे.

आणि कापडी छत असो वा टणक, गाडीत काही दिसेल असं ठेवू नका. नुसती रिकामी बॅग असली तरी चोर ब्लेड मारतो. चोरीला गेलेल्या बॅगेपेक्षा फाटलेलं छत कितीतरी महाग.

वळणवाट

फार उपयोगी. एक कापडी छताची एनसी बरीच स्वस्तात दिसतेय. सिल शाबूत वाटते, पण घडी पडते तिथे, मागच्या काचेच्या जरा पुढे, डावीकडे नखाएवढं भोक आहे. छत पूर्ण बदलावं लागेल का?

रिव्हेट

त्या जागी भोक पडतं कारण घडी होताना कापड सांगाड्याच्या सांध्यात चिमटतं. बहुतेक वेळा छताच्या बाजूची ताणाची दोरी किंवा पट्टा सैल झालेला असतो, त्यामुळे कापड जागेवर न राहता आत ओढलं जातं. तो बदलला नाही तर ठिगळही वर्षात फाटेल. छत अर्धं उघडून दोन्ही बाजूंची दोरी बोटाने ओढून बघा, ताण सारखा हवा.

पूर्ण छत बदलणं हे सरावलेल्या माणसाचं दिवसभराचं काम. नवख्याने शनिवार-रविवार दोन्ही मोकळे ठेवावेत. किचकट भाग पन्हळीचा आहे. ती जुनी असेल तर कडक होऊन काढतानाच तडकते, म्हणून नवी आधीच मागवून ठेवा. भाव करताना बसवणुकीसह नव्या छताचा खर्च विक्रेत्यासमोर मांडा, पण नखाएवढ्या भोकाला ठिगळ पुरतं.

ठिगळ असं. छत बंद करून पूर्ण वाळू द्या, ताणलेलंच असू द्या. भोकाच्या आतल्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलने चारही बाजूंनी चार सेंटिमीटर पुसून घ्या. छताच्याच जातीच्या कापडाचा तुकडा भोकापेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठा कापा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरा आधी सुटतो. काँटॅक्ट अ‍ॅडेसिव्ह दोन्ही पृष्ठांवर पातळ लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत, साधारण दहा मिनिटं, थांबा. मग एकदाच नेम धरून बसवा, नंतर सरकवता येत नाही. बाहेरून लाकडाचा ठोकळा टेकवून आतून बाटलीने घट्ट लाटा. भोकाच्या कडेचे सुटे धागे बाहेरून कात्रीने कापून तिथे सीम सीलरचा एक थेंब पसरवा. चोवीस तास छत उघडायचं नाही आणि आठवडाभर त्यावर वॉटरप्रूफिंग स्प्रे मारायचा नाही.